आतडं तुटतंय

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात मीनलताईंनी माईक घेतला आणि म्हणाल्या, "एक गंमत सांगते. नाव सांगत नाही हं. आपल्यातल्याच एका काकांना घेऊन मी जीपीकडे गेले. काका म्हणाले, 'बाई, आतडं तुटतंय.' झालं. डॉक्टरनं काकांची थेट कॅमेऱ्याची टेस्ट लावली. खालून."

हॉल हसला.

आतडं तुटावं असा, बायको मेलेला म्हातारा त्या हॉलमध्ये एकच होता, मी. माना वळल्या. पुढच्या रांगेतल्या बाईनं तोंडाला रुमाल लावला. माझा मुलगा शेजारी बसला होता. तो ताटलीतली चकली मोडत होता. बारीक बारीक.

मीपण हसलो. दात काढून हसलो. हे आधी लिहून टाकतो, कारण पुढचं लिहिताना मी स्वतःला चांगला दाखवीन अशी भीती वाटते.

मी चौथी शिकलो. सोलापूरला म्युनिसिपालिटीत झाडूवाला होतो. हौसा, माझी बायको, तीपण झाडूवाली. तिच्याकडे बाजाराचा रस्ता होता, माझ्याकडे चाळींचा कचरा. मुलगा शिकला, कॉम्प्युटरमध्ये गेला, इंग्लंडात मिल्टन कीन्सला घर घेतलं, आम्हाला बोलावून घेतलं. विमानतळावरून घरी नेतानाच गाडीत म्हणाला, "बाबा, इथं कुणी विचारलं तर म्युनिसिपालिटीत होतो एवढंच सांगा. काय होतो ते नको." हौसा मागं बसली होती. ती म्हणाली, "का रं, चोरी केली व्हती का आम्ही?" त्यानं रेडिओ लावला. मी खिडकीबाहेर बघितलं. आणि पुढं सात वर्षं सांगितल्याप्रमाणे वागलो. मंडळात कुणी विचारायचं, "सोलापूरचे का? कुठल्या पेठेतले?" मी एखाद्या पेठेचं नाव सांगायचो. आमची वस्ती त्या पेठेच्या मागं होती. मागं हा शब्द मी गिळायचो.

हौसा मेली ती जानेवारीत. सकाळी चहा ठेवला आणि ओट्यापाशीच खाली बसली, ती उठली नाही.

इथं माणूस जाळायलासुद्धा वेळ घेऊन ठेवावी लागते. आम्हाला अर्धा तास मिळाला होता. आमच्यामागं दुसऱ्यांची गाडी उभी होती. मुलगा कानाशी म्हणाला, "बाबा, इथं मोठ्यानं रडत नाहीत." मीनलताईंनी एक कागद वाचला. "कैलासवासी हौसाबाई या प्रेमळ गृहिणी होत्या." गृहिणी. एकतीस वर्षं पहाटे रस्त्यावर उभी राहिलेली बाई. तिच्या हाताला झाडूच्या दांड्याचे घट्टे होते. तिला ज्या पेटीत घातलं तिच्यात ते हात तिच्या पोटावर ठेवलेले होते, मी पाहिले होते. मी खुर्चीत बसून राहिलो. आमच्या वस्तीत बायका बोलून रडतात. मेलेल्याचं सगळं सांगतात, त्यानं काय खाल्लं, काय सोसलं, कुणाला शिव्या दिल्या. हौसाला असं रडणारं कुणी नव्हतं. मी एक होतो. मी मान खाली घालून अर्धा तास काढला आणि लोकांशी हात मिळवले. "सॉरी फॉर युवर लॉस," म्हणत होते. मुलाला विचारलं, लॉस म्हणजे काय. तो म्हणाला, नुकसान. तेव्हा कळलं, इथं दुकान बुडालं तरी हाच शब्द आणि बायको मेली तरी हाच.

तिथून माझं जेवण गेलं. घास तोंडात फिरायचा, खाली जायचा नाही. पँट कमरेवर राहीना. मुलाचं ऑफिस लंडनला, सकाळी ट्रेननं जायचा तो संध्याकाळी यायचा. मीनलताई म्हणाल्या, मी नेते काकांना. त्या पुण्याच्या. मराठीच्या एम.ए. दर रविवारी पोरांना मराठी शिकवतात. त्यांनी मला गाडीत बसवलं, एका राउंडअबाउटवरून, म्हणजे गोल चौकावरून, दुसऱ्यावर करत दवाखान्यात नेलं. त्यांचं मन वाईट नाही. हेपण लिहितो.

डॉक्टर बराच वेळ काहीतरी बोलला. मीनलताईंनी विचारलं, "काका, काय होतंय तुम्हाला?"

मी म्हणालो, "आतडं तुटतंय, बाई. रातंदिस तुटतंय."

हा शब्द माझा नाही. हौसाचा आहे. आमची पहिली मुलगी दोन वर्षांची होऊन मेली, तेव्हा हौसा तीन महिने एवढंच बोलत होती. आतडं तुटतंय. तिला कुणी दवाखान्यात नेलं नाही. बायका येऊन तिच्याजवळ बसायच्या. कुणी भाकरी आणायची, कुणी नुसतीच बसायची. शब्द ऐकला की काय करायचं ते सगळ्यांना माहीत होतं.

मीनलताईंनी एकदा माझ्या तोंडाकडं बघितलं. मग डॉक्टरला म्हणाल्या, "स्टमक पेन. व्हेरी बॅड."

एवढं इंग्रजी मला कळतं. मी गप्प बसलो. वाटलं, शिकलेली बाई आहे, ती बरोबर बोलत असेल. डॉक्टरनं मला झोपवून पोट दाबलं. इथं दुखतं? इथं? मी प्रत्येक ठिकाणी हो म्हणालो. खोटं नव्हतं.

परत येताना ताई गाडीत म्हणाल्या, "काका, काय शब्द वापरलात. आम्हाला हे फक्त पुस्तकात वाचायला मिळतं." म्हणजे त्यांना कळलं होतं. आणि मला काय वाटलं? बरं वाटलं. शाबासकी मिळाल्यासारखं. बायको मरून दोन महिने झाले होते आणि मी गाडीत बसून खूश होत होतो.

मग टेस्ट. आदल्या दिवशी औषध पाजून पोट धुऊन काढलं. दुसऱ्या दिवशी मागून उघडा झगा. कुशीवर झोपवलं, गुडघे पोटाशी. समोर टीव्ही. टीव्हीत माझं आतडं. गुलाबी, ओलं, कुठंही तुटलेलं नाही. मधेच मला आवरलं नाही, चादर खराब झाली. एका गोऱ्या पोरीनं ती काढली, मला पुसलं. "इट्स ओके, डार्लिंग," म्हणाली. चाळीस वर्षं मी लोकांची घाण काढली, नाक मुरडलं नाही. पण त्या दिवशी भिंतीकडं तोंड करून मी हौसाला म्हणालो, बघू नको.

आणि ही त्या हॉलमधली गंमत.

कार्यक्रम संपल्यावर मीनलताई जवळ आल्या. "काका, रागावला नाहीत ना? स्पोर्टिंग आहात तुम्ही." मी म्हणालो, "नाही, नाही." गाडीत मुलगा म्हणाला, "बाबा, साधं 'मला वाईट वाटतंय' म्हणायचं ना. लोकांना चान्स कशाला द्यायचा?"

मी म्हणालो, "बस चुकली की वाईट वाटतं. भाजी खारट झाली की वाईट वाटतं. तुझी आई मेली तेव्हा तुला वाईट वाटलं का?"

त्यानं गाडी कडेला घेतली. इंडिकेटर टिकटिकत होता. मग म्हणाला, "तसं नाही, बाबा." पण कसं, ते त्याच्याजवळ नव्हतं. त्याला मी इंजिनिअर केला आणि हा एक शब्द दिला नाही. त्याला लाज वाटू नये म्हणून मीच तो लपवत आलो होतो.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरकडं परत जायचं होतं. मीनलताई आल्या. आत गेल्यावर मी म्हणालो, "ताई, आज तुम्ही बसा. मी बोलतो."

डॉक्टरला म्हणालो, "माय वाइफ डेड."

ताई हळूच म्हणाल्या, "काका, डेड नाही, पास्ड अवे म्हणायचं."

मी म्हणालो, "पास शाळेत होतात. ती शाळेत गेली नाही. ती मेली."

मग डॉक्टरकडं वळलो. "स्टमक ओके. कॅमेरा नॉट सी. वाइफ डेड, इनसाइड ब्रेक." डॉक्टरनं कॉम्प्युटरवरचा हात काढला. ताई खाली बघत होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "दहा मिनिटांची अपॉइंटमेंट असते, काका. त्यात हे सगळं कसं एक्स्प्लेन करणार होते मी?"

"तीन शब्द होते, ताई," मी म्हणालो. "वाइफ डेड, सॅड. तेवढंसुद्धा तुम्ही बोलला नाहीत. आणि माईकवर पाच मिनिटं बोललात."

आता जानेवारीत हौसाला वर्ष होईल. मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात दोन मिनिटं तिची आठवण काढणार आहेत. ताईंनी कागद लिहून पाठवला. कैलासवासी. प्रेमळ गृहिणी. अल्पशा आजाराने दुःखद निधन. तो कागद मी परत दिला. सांगितलं, मी बोलणार. मुलगा म्हणाला, "काय बोलणार?" मी सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, मला इथं राहायचंय." मी म्हणालो, "राहा. झाडूवालीचा मुलगा म्हणून राहा. नाहीतर त्या दिवशी घरी थांब."

मी एवढंच बोलणार आहे. हौसा मेली. ती झाडूवाली होती, मी झाडूवाला. माझं आतडं तुटतंय. कुणाला हसायचं असेल तर माझ्या तोंडाकडं बघून हसा, मी या वेळी तुमच्याबरोबर हसणार नाही.

ताईंनी निरोप पाठवला आहे की कार्यक्रम भरगच्च आहे, माईक मिळेलच असं नाही. नको. चाळीच्या तोंडाशी उभं राहून चौथ्या मजल्याला ऐकू जाईल असं 'कचराऽऽ' ओरडण्यात माझी चाळीस वर्षं गेली. मला माईक लागत नाही.