विमान कोणत्या कंपनीचं?

वसमतच्या स्टँडसमोर मेडिकल चालवणारा आमच्या ओळखीचा एक गडी आहे. विमान पडल्याची बातमी आली की माणसं किती गेली, हे तो विचारत नाही. "कोणत्या कंपनीचं होतं?" म्हणतो आणि मोबाइलवर दुसऱ्या कंपनीचे शेअर घेतो. मोठी विमानं बनवणाऱ्या दोनच तर कंपन्या. एकीकडे सुतक की दुसरीकडे बारसं.

माझी लेक हैदराबादहून दिल्लीला निघाली होती. मी एवढा शहाणा, की सल्ल्याला त्याच्याकडेच गेलो.

"मागं हवेत विमानाचा दरवाजा उडाला ना, त्याच कंपनीचं हाय, मास्तर. बदला!"

लेकीच्या मागे लागून मी तिकीट बदलायला लावलं. निघताना तिचा फोन आला, "बाबा, ऐनवेळी विमान बदललं. तुमी नको म्हणलेलंच आलंय. बसले मी." फोन बंद.

मी घामाघूम होऊन दुकानात धावलो आणि तेच विमान आल्याचं सांगितलं.

"दुसऱ्या कंपनीकडं नव्या विमानांसाठी वर्सानुवर्सांची रांग हाय," तो म्हणाला. "गिऱ्हाईक शेवटी हिच्याच दारात येऊन राहिलं."

"अरे, माझं लेकरू आहे त्यात!"

त्यानं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "तकलीफ काहून घेता? बघा, ह्याच कंपनीचा शेअर सकाळपासून चढूनच राहिला."