शेवटच्या जागेवरची मडकी

कासारवाडीचा भीमराज ओव्हाळ पाच मिनिटं एका जागी बसलेला कुणी पाहिला असेल, तर त्यानं पुढं यावं. चहा पितानाही त्याचा पाय हलायचा. बायको कस्तुरा वैतागून म्हणायची, "अवो, जरा दम धरा, कप सांडंल!" पण दम धरणार कुठून? आकुर्डीजवळच्या एका कंपनीत हा गडी कित्येक वर्षं बदली वॉचमन होता. रोज सकाळी फाटकाबाहेर उभं राहायचं. कायमवाल्यांपैकी कुणी दांडी मारली तर आत, नाहीतर आल्या वाटेनं घरी. अशा सकाळी काढून बघा, तुमचाही पाय हलेल.

चौऱ्याहत्तर साली पावसाळा सरला आणि सुरक्षा खात्याचे साहेब, माजी सुभेदार सोपानराव, यांच्या डोक्यात एक खूळ शिरलं. फौजेत असताना त्यांनी हिमालयात जवानांची शर्यत पाहिली होती. पायाला फळ्या बांधून बर्फावर घसरत जायचं, मध्येच थांबून गोळ्या मारायच्या, पुन्हा सुटायचं. "बर्फ आपल्याकडं कुठला? मुरमावर पळा!" असं त्यांनी फर्मान काढलं. पाठीला रायफल लावून कंपनीच्या भिंतीभोवती एक फेरी, मग आडवं पडून पाच गोळ्यांत पाच मडकी फोडायची, आणि पुन्हा एक फेरी. जितकी मडकी उरतील तितके मैदानातल्या चिंचेच्या झाडाला वेढे. गोळीबार चालू असताना कुणी चकार शब्द काढायचा नाही. अशा शर्यती हिवाळाभर होणार होत्या. पण खरी मेख पहिल्याच शर्यतीत होती. बदलीवाल्यांपैकी त्यात जो पुढं येईल, तो कायम होणार होता.

बदलीवाले दोघंच. भीमराज आणि बीडकडचा जयसिंग.

पळण्यात भीमराजला तोड नव्हती. पण आडवा पडला की बोंब! मडकं राहायचं बाजूला आणि मागच्या बांधाची माती उडायची. "अरे, श्वास रोख, मग घोडा दाब!" सोपानराव खेकसायचे. "गाडी सुटलीय का तुझी?" सरावाला चिंचेच्या सावलीतल्या जागा कायमवाल्यांच्या. बदलीवाल्यांनी मुकाट पार टोकाला, उन्हात, शेवटच्या जागेवर आळीपाळीनं पडायचं. तसा नियम कुणी केला नव्हता, पण विचारायची छाती कुणाची?

शर्यतीच्या सकाळी मात्र चिठ्ठ्या टाकल्या. भीमराजला सावलीतली पहिली जागा आली, जयसिंगला शेवटची.

"मजा हाय बुवा तुमची, भाऊ," जयसिंग म्हणाला. भीमराजला हसू आलं नाही. त्यानं चिठ्ठी खिशात कोंबली.

शिट्टी झाली आणि गडी जो सुटला, तो सुटलाच! कायमवाले भिंतीच्या पहिल्याच कोपऱ्यावर मागं पडले. भीमराज एकटा धापा टाकत मैदानात शिरला आणि रायफल काढून आडवा झाला. कोपराखाली ओळखीचा खडा टोचला, मानेवर ओळखीचं ऊन होतं. काय झालं कोण जाणे, त्याचा जीव एकदम थाऱ्यावर आला. श्वास रोखला, घोडा दाबला. मडकं फुटलं! मग दुसरं. मग तिसरं. पाचही! आनंदानं ओरडत तो उठला.

"ओव्हाळ!" सोपानराव आता कुठं बोलू शकत होते. "गाढवा, तुझी मडकी तिकडं आहेत!"

सावलीत पहिल्या जागेसमोर पाच मडकी शाबूत टांगलेली होती. सरावाच्या इतक्या दिवसांची पायांची सवय, पाय गेले तिथंच गेले. चिठ्ठी राहिली खिशात.

तेवढ्यात जयसिंग धापा टाकत पोचला आणि आपल्या जागेसमोरच्या खापऱ्यांकडं बघत राहिला. सोपानरावांनी मिशी चावली. "नियम म्हणजे नियम. जयसिंग, तुझी फुटलीत, तू पळ. ओव्हाळ, तुझ्या गोळ्या संपल्या. पाच वेढे!"

जयसिंगनं क्षणभर भीमराजकडं पाहिलं, आणि पळाला. कुणीही पळालं असतं, राव. त्याच्याही घरी खाणारी तोंडं होती. भीमराज चिंचेभोवती फिरला तो रडत आणि शिव्या देत. वेढे संपवून तो असा धावला, की शर्यत सोडून बघत राहिलेले कायमवालेसुद्धा त्याच्या नावानं ओरडायला लागले. जयसिंग हातभर पुढं राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भीमराज फाटकाबाहेर उभा. आत नव्या गणवेशात जयसिंग. त्याला मान वर करवेना.

"आज समदे आलेत, भाऊ."

"बरं." भीमराज वळला, चार पावलं गेला आणि परत आला. "जयसिंग, पाचही एका दमात फोडली रं मी. तुला ठावं हाय ना?"

"तुम्हीच फोडली, भाऊ. माझ्यानं दोनबी फुटली नसती." जयसिंगचे डोळे भरून आले.

"व्हय," भीमराज म्हणाला. "लाव आता फाटक. साहेब येतील."