पहिला मोदक

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. पण आता सत्तरी उलटली आहे, आणि ज्यांना हे सांगायचं ते साडूभाऊही गेले. त्यांच्याइतका ऐसपैस माणूस अख्ख्या चौलात झाला नाही. खांदे, मांड्या, हसू, सगळंच मोठं. ते झोपाळ्यावर बसले की बाकीचे आपोआप उतरायचे. मासळीवालीशी हुज्जत घालून ते भाव वाढवून द्यायचे. म्हणायचे, "बाई एवढी चढण चढून आली, तिचे पाय काय फुकट?" जेवताना स्वयंपाकघराकडे तोंड करून एकेका पदार्थाची मोठ्याने तारीफ करायचे. त्यामुळे सासुरवाडीला सासूबाईंच्या हातचा पहिला मोदक, तुपाच्या धारेसकट, कायम त्यांच्या पानात. माझ्या पानात दुसरा. वर आमची बायको म्हणायची, "भाऊजींसारखं जरा हसून जेवत जा." दर पंगतीला मी आतल्या आत जळत बसायचो.

मी हातापायांनी काडी. पोट तेवढं सुटलेलं, ते सैल बुशशर्टाखाली लपवायचो.

एका लग्नातल्या कोलंबीने आम्हा दोघांची पोटं बिघडली. अलिबागच्या डॉक्टरांनी दोघांचाही स्कॅन काढला. आज साडूभाऊंचं काही खरं नाही, असं मनाशी म्हणत मी जरा खुशीतच बसलो होतो. डॉक्टर माझ्याकडे वळले आणि म्हणाले, तुमच्या मोठ्या आतड्याच्या भिंतीत चरबी साठली आहे. मी म्हटलं, चूक होतेय, जाडे हे आहेत. तेव्हा त्यांनी टेप काढली. उंचीच्या मानाने कंबर माझीच जास्त भरली. नुसत्या वजनावर जाऊ नका, ते म्हणाले. चरबी पोटाभोवती साठली की अशी आतड्याच्या भिंतीतही पुष्कळदा दिसते. घाबरू नका, पण पोट कमी करा. साडूभाऊंचं आतडं स्वच्छ होतं. म्हणजे तिथेही पहिला मोदक त्यांनाच.

सासुरवाडीला सगळे ओटीवर वाट बघत होते. सासूबाईंनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, तेवढंच निमित्त झालं. चपला काढता काढता मी बोलून गेलो, "साडूभाऊंच्या आतड्यात चरबी निघाली."

साडूभाऊंनी एकदा माझ्या बुशशर्टाकडे पाहिलं. मग म्हणाले, "व्हय, डॉक्टर बोलले तसं."

तेव्हापासून त्यांच्या पानात दुधी आणि अर्धी भाकरी, आणि पहिला मोदक माझ्या पानात. तो मी मान खाली घालून संपवायचो. ते मात्र दुधीचीही स्वयंपाकघराकडे तोंड करून तारीफ करायचे. आणि रोज संध्याकाळी माझ्या दारात हजर. "चला रेवदंड्याच्या किनाऱ्यावर. मला पोट कमी करायचंय, सोबत पाहिजे." स्वतः रमतगमत चालायचे, मला पुढे पिटाळायचे. वर्षभरात माझे बुशशर्ट खरोखरच ढगळ झाले. त्यांचं अंग होतं तसंच.

पुढे त्यांच्या शेवटच्या आजारपणात मी सगळं सांगायचं ठरवूनच गेलो. त्यांनी माझ्या पोटावर हात ठेवला. "उतरलं की हो माझं पोट," म्हणाले आणि पूर्वीसारखे मोठ्याने हसले. मीही हसलो. तेवढ्यात चहा आला. मी तो प्यायलो आणि घरी आलो.

साडूभाऊ, ते आतडं माझं होतं, आणि तो मोदक तुमचा. मला माफ करा.