शेलूबाजारचा फळा आणि चंपाबाईंचा राम राम

चंपाबाई रोज सकाळी एका मेलेल्या कॉम्प्युटरला राम राम करायच्या.

डोक्यावरचं टोपलं पायरीवर उतरवायचं, पदरानं तोंड पुसायचं, आणि शेलूबाजारच्या चौकातल्या त्या गाळ्यात शिरून कोपऱ्यातल्या पिवळट मॉनिटरसमोर हात जोडायचे. मग एका बोटानं कीबोर्डचं एखादं बटण दाबायचं. काहीच व्हायचं नाही. "झोपेल हाये अजून," असं म्हणून त्या बाहेर यायच्या आणि पायरीशी भाजी मांडायला बसायच्या. तसा राम राम त्या सगळ्यांनाच करायच्या. जीपवाल्याला, तराजूला, मळ्यातल्या मोटरपंपाला. पंप निदान कधीमधी चालू व्हायचा.

गाळा जगदेवभाऊंच्या मालकीचा होता आणि आतला पसारा संघदीपचा. एके काळी तिथं संघदीपचा कॉम्प्युटर क्लास चालायचा. दाराबाहेर चपलांचा असा ढीग पडायचा, की घरी जाताना एखादीच्या पायात दोन वेगळ्या चपला असायच्या. पुढं प्रत्येकाच्या हातात मोबाइल आला आणि क्लास बसला. मशीन भंगारात द्यायला मात्र संघदीपचं मन होईना. त्यानं ती झाडूनपुसून टेबलांवर मांडली, प्रत्येकापुढं एकेक चिठ्ठी चिकटवली आणि दारावर पाटी लावली: 'जुने संगणक व गुप्तलिपी संग्रहालय'. एक चिठ्ठी अशी होती: 'हा प्रिंटर. छापताना इतका ओरडायचा, की शेजारचे भांडण समजून धावत येत.'

कोपऱ्यातल्या ज्या मॉनिटरला चंपाबाई हात जोडायच्या, त्याच्यावर त्यांची ज्योत्स्ना टायपिंग शिकली होती. ती आता पुण्यात नोकरीला होती.

"पोरीपेक्षा हा बरा," चंपाबाई म्हणायच्या. "रोज भेटते तरी."

संघदीपनं संग्रहालयाच्या मित्रमंडळाची कार्डं छापून आणली होती. शंभरातलं एकच खपलं. ते चंपाबाईंनी दोन मेथीच्या जुड्या देऊन घेतलं, आणि बटव्यात आधार कार्डाला चिकटून ठेवलं. एसटीत त्या आधी तेच पुढं करायच्या. "कॉम्प्युटरची मित्र हाओ मी," असं कंडक्टरला ठणकावून सांगायच्या, आणि तो बिचारा कार्ड उलटसुलट करत सवलत कुठं लिहिली आहे ते शोधत बसायचा.

मागच्या दिवाळीनंतर जगदेवभाऊ गाळ्यात आले. मिशा पिळदार, आवाज असा की ओसरीवर बोलले तरी शिवारात ऐकू जावं. एका मोबाइलवाल्यानं गाळा मागितला होता.

"संक्रांतीपर्यंत खाली कर, संघदीप."

"भाऊ, हे एवढं सामान कुठं नेऊ?"

"मले काय इचारतं? इथं माणसं येत असती तं मी चकार शब्द काढला नसता. दिवसाकाठी एक म्हातारी येते, तेही सावलीले."

"सावली बाहेर बी हाये," चंपाबाई दारातून म्हणाल्या.

भाऊ काही उत्तर देणार, तेवढ्यात पिवळ्या मॉनिटरच्या मागून एक पाल बाहेर आली आणि तिनं भाऊंकडे पाहिलं. पुढं काय झालं ते संघदीपला नीट दिसलं नाही. स्टूल पडल्याचा आवाज आला, आणि जगदेवभाऊ रस्त्याच्या पलीकडून ओरडताना ऐकू आले, "संक्रांत म्हणजे संक्रांत!"

चंपाबाईंना मात्र सगळं नीट दिसलं होतं. त्या दिवसभर भेंडी तोलता तोलता मधेच हसत होत्या.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा त्या आत येऊन बसल्या. संघदीप खुर्चीत मान खाली घालून होता.

"मान वर कर. माणसंच पाह्यजेत ना त्याले?"

"कुठून आणू मावशी? फुकट हाये तरी कोणी येत नाही."

"फुकट हाये म्हणूनच येत नाईत. ते तुह्यं फिरतं झाकण काढ बरं."

फिरतं झाकण म्हणजे संघदीपची लाडकी चकती. महायुद्धात जर्मनांचे गुप्त निरोप इंग्रजांनी कसे फोडले, त्याचे व्हिडिओ पाहून त्यानं डालड्याच्या दोन डब्यांच्या झाकणांपासून ती केली होती. बाहेरच्या झाकणावर क, ख, ग, घ, आतल्या झाकणावर तेच. आतलं फिरवलं की क च्या समोर दुसरंच अक्षर यायचं, आणि त्या हिशोबानं सगळा निरोप बदलून लिहायचा. काना, मात्रा, वेलांटी जिथल्या तिथं. खरं जर्मन मशीन याहून फार अवघड होतं, असं तो प्रामाणिकपणे सांगायचा. ऐकायला बहुधा चंपाबाईच असायच्या. चौथीपर्यंतची अक्षरं त्यांनी जपून ठेवली होती.

"क कोणाच्या समोर लावायचा, ते रोज कोण ठरवनार?" संघदीपनं विचारलं.

चंपाबाईंनी दारातून आपल्या भाजीकडे पाहिलं. "ढिगावर जे सगळ्यात वर असन, त्याचं पयलं अक्षर."

चौकात राजूच्या चहाच्या हॉटेलाला लागून एक लाकडी फळा होता. पूर्वी त्यावर सोयाबीनचे भाव लिहीत. भाव मोबाइलवर यायला लागल्यापासून त्याच्यावर फक्त कावळे बसायचे. दुसऱ्या दिवशी त्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं दिसलं:

पाकूहा हरा णाझल पाध पाध

लोक थांबले. कोणी म्हणालं, तेलुगू आहे. कोणी म्हणालं, भानामती. राजूनं फडकं मारून पुसायला हात वर केला, तेव्हा चंपाबाई पायरीवरून ओरडल्या, "अरे राजू, तुह्यंच नाव हाये त्याच्यात! पुसतं काहून?"

राजूचा हात हवेतच राहिला. "काय लिवलं हाये?"

"मले काय माईत? त्या संग्रालयात चकती हाये म्हणे. आज वांगे वर हायेत, एवढंच सांगतो."

राजू गेला. त्याच्या मागून चहा अर्धा टाकून बाकीचे गेले. चकती टेबलाला साखळीनं बांधलेली होती, बँकेतल्या पेनासारखी. क समोर व आला, अक्षरं एकेक करून उलगडली, आणि संघदीपनं मोठ्यानं वाचलं: "राजूचा चहा पातळ. राम राम."

गाळ्यात असा हशा उठला, की कित्येक वर्षांनी प्रिंटर चालू झाला असं शेजाऱ्यांना वाटलं.

राजूनं त्या दिवशी चहात दुप्पट पत्ती टाकली. आणि तेव्हापासून चौकाला वेड लागलं. उद्या कोणाचं नाव येणार, या धास्तीनं माणसं सकाळी आधी फळ्यापुढं, मग चंपाबाईंच्या ढिगापुढं, आणि मग संग्रहालयात. वाट पाहता पाहता ती फ्लॉपी पाहायची, प्रिंटरची चिठ्ठी वाचून हसायची. कोणी आपल्या घरातला जुना रेडिओ आणून दिला. 'मित्रमंडळा'ची कार्डं संपत आली. शिक्षिका असलेल्या रुचिकाताईंनी सगळा वर्ग रांगेनं आणला, आणि त्या दिवशीचा निरोप निघाला, 'बाई फोनवर लय बोलते'. बाईंचा फोन आठवडाभर पर्समधून बाहेर आला नाही.

जगदेवभाऊंना हे सहन होईना. माणसं येऊ लागली तर गाळा मागायला तोंड उरत नव्हतं. आणि सगळ्यांची नावं येऊन गेली, आपलं अजून का आलं नाही, हा डंखही असावा. आत जायचं तर पाल. त्यांनी एका सकाळी चंपाबाईंच्या ढिगावरच्या सगळ्या भेंड्या विकत घेतल्या, म्हणजे खालचा पालक वर येईल आणि सगळ्यांचा निरोप चुकेल. झालंही तसंच. गाळ्यात लोक तासभर पालकावर डोकं फोडत होते. चंपाबाईंनी मात्र संध्याकाळपर्यंत कोणाला काही सांगितलं नाही, कारण एवढ्या भेंड्या एकदम याआधी कधी खपल्या नव्हत्या.

पण भाऊ डोक्यानं कमी नव्हते. राजूच्या बाकावर बसून फळ्याकडे पाहता पाहता त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. निरोप कोणताही असो, शेवटी एकच शब्द दोनदा यायचा. वांग्याच्या दिवशी 'पाध पाध', भेंडीच्या दिवशी 'ताढ ताढ', दोडक्याच्या दिवशी 'झाछ झाछ'. आणि चौकात दिसेल त्याला एकच शब्द दोनदा म्हणणारं माणूस एकच होतं.

"राम राम!" भाऊंनी मांडी थोपटली. "म्हातारी राम रामाबिगर हलत नाई."

मग काय, वर्तमानपत्राच्या दोन पट्ट्या फाडल्या, दोन्हींवर क ख ग लिहिलं, एकीवर दुसरी सरकवली, राम राम जुळवला की बाकी सगळं आपोआप उघडं. त्या दिवसापासून भाऊ बाकावर बसून निरोप मोठ्यानं वाचून दाखवू लागले. ना चकती लागे, ना भाजी, ना संग्रहालय. राजू एकेक शब्द मागून ओरडायचा, दवंडीसारखा. गाळा पुन्हा रिकामा झाला. संक्रांत तोंडावर आली होती.

संघदीप चंपाबाईंवर पहिल्यांदाच चिडला. "मावशी, तुमी तेच केलं जे जर्मनांनी केलं! ते रोज हवामानाचा निरोप त्याच त्या शब्दांत धाडत, म्हणून सापडले. मी तुमाले सांगितलं होतं!"

"मले वाटलं तू त्यांची गोष्ट सांगून राह्यला."

"उद्यापासून राम राम लिहू नका. बस."

चंपाबाईंना हे जमण्यासारखं वाटेना. "कोणाले काई सांगायचं अन् राम राम न करता निंघून यायचं? मी काय वसुलीवाली हाओ?" त्या बराच वेळ मेथी निवडत बसल्या. मग एकदम थांबल्या. "संघदीप, तो मोठ्यानं वाचते ना?"

"हो."

"सगळ्यायसमोर?"

"हो. काहून?"

"काई नाई. उद्या गवार आणतो."

दुसऱ्या दिवशी फळ्यावर होतं: टचनेष बाशीशे येदे वार वार.

भाऊंनी चहाची बशी खाली ठेवली, पट्ट्या जुळवल्या. भोवती माणसं. जीपवाल्यांनी इंजिनं बंद केली. चंपाबाई पायरीवर बसून गवारीची देठं मोडत होत्या, जशी काही त्यांना गावची खबरच नव्हती.

"ज... ग... दे... व," भाऊंनी वाचलं, आणि मिशीवरून हात फिरवला. "माहं नाव हाये! आलं एकदाचं!"

"जगदेव!" राजू ओरडला.

"पा... ली... ले..." इथं भाऊंचा आवाज खाली आला.

"पालीले!" राजूचा आला नाही. "पुढं, भाऊ?"

"पुढचं आज काई लागून नाई राह्यलं. खडू पुसट हाये."

पण राजूनं एवढे दिवस भाऊंच्या मागं उभं राहून उगाच बशा विसळल्या नव्हत्या. त्यानं वाकून भाऊंच्या हातातल्या पट्ट्यांवर बोट ठेवलं आणि चौकभर ऐकू जाईल असं वाचलं, "भे... ते! जगदेव पालीले भेते! राम राम!"

मंगरूळपीरला जाणारी जीप त्या दिवशी उशिरा सुटली, कारण ड्रायव्हरला हसू आवरेना.

जगदेवभाऊ तडक संग्रहालयाकडे निघाले. संघदीपनं मनात सामान बांधायला घेतलं. भाऊ उंबऱ्यापर्यंत आले, थांबले, छताकडे पाहिलं, चारी भिंती पाहिल्या.

"ते चकती बाहेर दे."

"साखळी हाये, भाऊ. आत यावं लागते."

"तोड साखळी."

"पट्ट्या हायेत ना तुमच्याजवळ?" चंपाबाई पायरीवरून म्हणाल्या.

"त्याच्यावर वाचता येते, काकू. लिवता लिवता घोळ होते." भाऊंचा चेहरा लालबुंद होता. "मले बी एक निरोप लिवायचा हाये."

शेवटी ते आत गेले. खुर्ची खोलीच्या बरोबर मध्यात ओढून, पाय वर घेऊन बसले आणि संघदीपकडून चकती फिरवून घेतली. दुसऱ्या दिवशी फळ्यावर भाऊंच्या अक्षरात निरोप होता, आणि तो भाऊंनी वाचून दाखवला नाही. चौक पुन्हा गाळ्यात लोटला. निघालं, 'चंपाकाकू जीपमंदी घोरते'.

"खरं हाये," चंपाबाई म्हणाल्या. "पन बरोबर लिवलं त्यानं, हुशार हाये." आणि लगेच उत्तराला लागल्या.

संक्रांत आली, तिळगूळ वाटून झाला, गाळ्याचं नाव कोणी काढलं नाही. मोबाइलवाला एकदा विचारायला आला, तेव्हा भाऊ खुर्चीवर पाय वर घेऊन चकतीशी झटत होते. "थांब बे जरा," ते म्हणाले, "माहा एक निरोप बाकी हाये." त्यांचा एक निरोप कायमच बाकी असायचा. मोबाइलवाल्यानं शेवटी बसस्टँडजवळ दुकान पाहिलं.

हे असं होळीपर्यंत चाललं. होळीनंतरच्या एका सकाळी चंपाबाई मंगरूळपीरला डोळे दाखवायला निघाल्या. मॉनिटरला राम राम झाला, बटण दाबून झालं, ढीग लावून झाला. जीपमध्ये त्या नेहमीसारख्या खिडकीशी बसल्या आणि नेहमीसारख्या झोपल्या. मंगरूळपीर आल्यावर ड्रायव्हरनं हाक मारली. घोरण्याचा आवाज बराच आधी थांबला होता, हे त्याला तेव्हा जाणवलं.

बातमी आली तसा जगदेवभाऊंनी फळा पुसला. खडू घेतला. मग गाळ्याच्या पायरीवरच्या ढिगाकडे एकदा पाहून त्यांनी दोनच शब्द लिहिले: थाण थाण. ढिगावर मेथी होती. त्या दिवशी अर्थ विचारायला संग्रहालयात कोणी गेलं नाही.

संघदीपनं तो ढीग संध्याकाळपर्यंत तसाच ठेवला, आणि अधूनमधून त्यावर पाणी शिंपडत राहिला. सकाळी जीपमध्ये चढता चढता चंपाबाईंनी तेच सांगितलं होतं. एक पाय वर, एक खाली, मागे वळून म्हणाल्या होत्या, "मेथीवर पाणी मारत राय, कोमेजते लवकर. अन् संघदीप, त्या पालीले हाकलू नको."