आत्या कोण, यावरून

मी जपानी ॲनिमेची मराठी सबटायटलं करते. पोटापाण्यासाठी नाही. पोटापाण्यासाठी मी पतपेढीत बसून लोकांची पासबुकं छापते. संध्याकाळी घरी आलं की मालिका लावायची, खालचं इंग्रजी वाचायचं आणि मराठी करून आमच्या ग्रुपवर टाकायचं. ग्रुपात रत्नागिरीपासून पुण्या-कोल्हापुरापर्यंतची माणसं आहेत. एकमेकांची तोंडं कोणी पाहिलेली नाहीत, पण एकमेकांची अक्कल काढण्यात सगळे तरबेज.

गेल्या वर्षी एका मालिकेवरून आमची जुंपली. समुद्रकाठचं गाव, सुकी मासळी विकणारं घर. थेट हर्णेच, फक्त माणसं जास्त नीटनेटकी. त्या घरात एक मुलगा आणि त्याच्याहून लहान एक मुलगी. ती त्याची नक्की कोण, हे मालिका धड सांगत नाही. एक दिवस पिशवी घेऊन बोटीतून उतरली आणि राहिली. थोरल्या भावाला जे म्हणतात ते ती त्याला म्हणते, पण जपानात म्हणे शेजारच्या पोरालाही तेच म्हणतात. म्हणून इंग्रजीवाल्यांनी ती भानगडच नको म्हणून त्या जागी मुलाचं नाव घालून टाकलं. मी प्रत्येक ठिकाणी ‘दादा’ लिहिलं.

झालं! अर्धा ग्रुप त्या दोघांचं जुळवायला टपून बसला होता. ‘ताई, दादा लिहून तुम्ही लव्हस्टोरीची वाट लावलीत,’ असं एका पुणेकराने मला अतिशय शुद्ध भाषेत कळवलं. कोल्हापूरच्या एकाने तोडगा काढला. मुलाची आई मुलीच्या बापाला धाकट्या भावासारखं दटावते, म्हणजे ती मामाची पोरगी. ‘मग काय, हक्काचीच की!’ त्यावर चिपळूणची एक जण उसळली, ‘आमच्याकडे मामेबहीण राखी बांधते हो!’ मग जपान राहिला बाजूला आणि कुणाकडे कुणाशी लग्न चालतं यावरून रान पेटलं. एकाने पुरावा म्हणून स्वतःच्या आजी-आजोबांच्या लग्नाचा फोटो टाकला. आणि ज्या बापावरून हे सगळं चाललं होतं, तो बिचारा अख्ख्या मालिकेत एकदाच दिसतो, तोही पाठमोरा.

मी एरवी अशा भांडणात पॉपकॉर्न खाणारी बाई. यावेळी मात्र चवताळले. ‘भावंडं आहेत. विषय संपला,’ असं मी लिहिलं. कोणीतरी लगेच टाकलं, ‘रक्ताची नाहीत ना पण?’ त्याला मी असं काही उत्तर दिलं की ॲडमिनने ते पुसलं. उत्तर टाइप करेपर्यंत गॅसवरचा भात करपला.

राग जपानी पोरीसाठी नव्हता, हे मलाही कळत होतं. मीही पिशवी घेऊनच आलेली. आमच्या केळशीत पाचवीनंतर बरीच मुलं शिकायला कोणाकोणाकडे ठेवायची. मला ठेवलं रत्नागिरीला, आमच्या वाडीतल्या शेजाऱ्यांच्या बिऱ्हाडी. त्यांना मी काका-काकू म्हणायला लागले आणि त्यांच्या मुलाला दादा. आई आधीच गेलेली. बाबांनी मुंबईत दुसरं लग्न केलं आणि मला न्यायचं ते राहूनच गेलं. कोणी तसं ठरवलं नव्हतं. दहावी झाली, कॉलेज झालं, नोकरी लागली, काका वारले, आणि मी अजून त्याच घरात भात करपवत्ये. आडनाव वेगळं, देव वेगळे. ‘तू त्यांची कोण गो?’ हा प्रश्न मला रत्नागिरीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांनी विचारलाय आणि प्रत्येक वेळी मी वेगळं उत्तर दिलंय.

दादाला मी दर भाऊबीजेला ओवाळते. पण त्याच्या लग्नात करवली म्हणून मिरवली ती पुण्याची त्याची चुलत बहीण. मला आइस्क्रीमच्या टेबलावर उभं केलं. कारण काय, तर माझा हात सढळ नाही, आइस्क्रीम पुरेल. आइस्क्रीम पुरलं. मला ते फार लागलं होतं.

आणि ग्रुपवर हे भांडण पेटलं त्याच सुमाराला दादाला मुलगी झाली. बारसं ठरलं. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. मला तो मान हवा होता. हवा होता म्हणजे काय, झोप उडाली होती. पण मागायचा कसा? मागितला आणि काकू नुसती गप्प राहिली तर, एवढ्या वर्षांनी, आपण या घरात नक्की कोण ते मला कळलं असतं. ते कळून घ्यायची माझी तयारी नव्हती. म्हणून घरी तोंड शिवून मोबाईलवर कोल्हापूरशी भांडत होते.

काकू पुण्याच्या त्या चुलत बहिणीला फोन करून म्हणाली, “बारशाला यायचंच हं. तुझ्याशिवाय कसं होईल?” हे मी स्वयंपाकघरातून ऐकलं. मग ती कुंकवाची कोयरी घेऊन आळीभर फिरली. जिच्याशी गेली दोन वर्षं अबोला होता त्या समोरच्या बाईलाही बोलावून आली. मला फक्त म्हणाली, “घुगऱ्यांचे हरभरे भिजत घाल. आणि थोडे जास्तच घाल.”

एका संध्याकाळी आमसुलं निवडता निवडता ती माझ्या मोबाईलमध्ये डोकावली. मुलगी मुलाच्या ताटातला मासा पळवत होती.

“ही कोण त्याची?” काकूने विचारलं.

“त्यावरूनच तर भांडण चाललंय.”

“भांडण कसलं? न विचारता उचलत्ये बघ मेली. परकी असती तर लाजली असती. आणि तो बोंबलतोय, पण ताट काही सरकवत नाही. भावंडंच ती.”

मी हे ग्रुपवर टाकलं नाही. काकूचं मत पुराव्यात धरलं नसतं आणि मला रडू आलं होतं.

बारशाच्या दिवशी मी स्वयंपाकघर सोडलं नाही. शिजलेल्या हरभऱ्यांना पुन्हा फोडणी देत बसले. बाहेर पाळणा सजला होता. त्याच्या शेजारी पुण्याची बहीण पैठणी नेसून, हातात निरांजनाचं तबक घेऊन बसलेली मला दारातून दिसत होती. बाळ रडत होतं, बायकांचा कलकलाट चालला होता. तेवढ्यात समोरची ती बाई मोठ्याने म्हणाली, “आत्या कोण गो? खोळंबलंय सगळं.”

मला वाटलं, आता पुणेकरीण उठेल. आणि मला पुढचं ऐकायचंच नव्हतं. मी झारा हातात घेऊनच बाहेर गेले आणि म्हणाले, “मी.” आवाज इतका चढला की बाळ रडायचं थांबलं.

काकू माझ्याकडे बघतच राहिली. “मग एवढा वेळ आत काय करत होतीस? पोर कधीची रडत होती.”

“मला कोणी बोलावलंच नाही.”

“बोलावणं?” काकूचा आवाज माझ्याहून चढला. “घरच्या आत्येला बोलावणं? परक्यांना बोलवायचं असतं गो! उद्या मलापण कुंकू लावून आमंत्रण देशील!”

“मला तर नुसतं तबक धरायला बसवलंय,” पुण्याची बहीण म्हणाली. “घे बाई लवकर, हात भरून आला माझा.”

करवलीचं तेव्हा तसं का झालं, हे मी अजून विचारलेलं नाही. कधीतरी विचारीन. त्या वेळी दादाने माझ्या हातातला झारा काढून घेतला आणि वहिनीने मला जवळ ओढून, कोणालाच न सांगितलेलं नाव सांगितलं. मी पाळण्यात वाकले, त्या एवढ्याशा कानात आधी कुर्र केलं आणि मग नाव सांगितलं.

नाव सांगून झालं की आत्याच्या पाठीत बुक्के घालायची रीत आहे. बायकांनी घातलेच, पोरांनी हात धुऊन घेतले, आणि दादाने तर शाळेपासूनचं सगळं वसूल केलं. रात्री काकू बामची बाटली घेऊन आली. मी नको म्हटलं. दुखत होतं ते मला तसंच दुखू द्यायचं होतं.