टांगानिकाचा कापूस

सत्तावन साली नेरच्या मोटार स्टँडवर आम्ही धामणगावच्या गाडीत बसलो, तेव्हा सासूबाई जिनातून तशाच धावत आल्या होत्या. भुवयांवर रुई, नाकाला फडकं. जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, त्या यंत्राच्या तोंडी कापूस घालायच्या, आणि त्यांचा मुलगा, म्हणजे आमचे हे, तिथंच फिटर होते. युगांडातल्या एका जिनाला फिटर हवा होता म्हणून आम्ही निघालो होतो. बाकी सगळे रडत होते. सासूबाई खिडकीशी आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "पोटभर खात जाय. परक्या मुलखात लाजू नको." मी एकोणीस वर्षांची होते. मला त्यांचा रागच आला. दोन टिपं गाळली असती तर काय बिघडलं असतं?

युगांडात पत्र्याचा क्वार्टर मिळाला. ज्वारी नाही, पोशो म्हणजे मक्याचं पीठ. त्याची भाकर तव्यावर टाकेपर्यंत तुटायची आणि मी चिडून रडायची. शेजारच्या सविताबेननं पीठ गरम पाण्यात मळायला शिकवलं तेव्हा कुठं आमच्या घरात शांतता झाली. पुढं बेबी झाली. ते गाव मला आवडायला लागलं, पण नेरला तसं कधी लिहिलं नाही. उगाच कुणाला वाईट वाटायला नको.

सहा वर्षांनी पहिल्यांदा रजेवर आलो ते पेच घेऊनच. आमचं जीन विकायला निघालं होतं. आमच्या गावाजवळच्या मोठ्या सरोवराच्या पलीकडं, टांगानिकात, ह्यांना हेड फिटरची जागा मिळत होती. पण तिथं जवळपास शाळा नव्हती आणि बेबीला सहावं लागलेलं. तिला नेरला आजीजवळ ठेवायचं, असं ह्यांनी बोटीवरच ठरवून टाकलं. बेबी झोपली की मी तिच्या पायावर हात ठेवून बसून राहायची.

नेरला ज्याला त्याला तोंड फुटलं. दीर म्हणाले, "एक परका मुलूख सोडून दुसरा कायले धरता? घाटंजीच्या जिनानं काय घोडं मारलं?" चुलतसासऱ्यांच्या मते तिकडं सिंह ओसरीवर येऊन बसतात. सहा वर्षांत एकही आला नाही असं मी सांगितलं, तर ते जरा नाराजच झाले.

सासूबाईंनी एकच विचारलं, "तिथचा कापूस कसा हाय?"

ह्यांच्या तिकडच्या मित्रानं पत्रातून थोडा कापूस पाठवला होता. सासूबाईंनी त्यातली चिमूट दोन्ही अंगठ्यांत धरून हळूहळू ओढली, धागे गुडघ्यावर लुगड्याच्या काळ्या काठावर पसरले आणि वाकून पाहिले. जिनातली माणसं आधी कापूस पाहतात, मग गाव.

"धागा लांब हाय. अन् पाह्य, पालाचोळा नाही. मजुरीनं वेचला असता तं घाईत पाला आला असता. हा वावरवालीनं सोता वेचला हाय. तिथं बायाईचे संसार हायेत, जंगल नाही. जा तुम्ही."

"आणि बेबी, मामीजी?" मी सासूबाईंना कसंबसं विचारलं.

"तेबी जाईन. मह्यापाशी ठेवली तं मले गोडच वाटन. पण ताप आला का ते तुलेच मांगन. मी कुठून आणू तुले?"

"माय, तिथं शाळा नाही," हे म्हणाले.

"मंग तुही बायको सातवी पास कायले झालती? पापड लाटाले?"

मी सर्वांदेखत हुंदके देऊन रडले. स्टँडवरचा सहा वर्षांचा राग त्या दिवशी गेला.

यवतमाळहून चौथीपर्यंतची पुस्तकं आणि दोन पाट्या घेऊन आम्ही टांगानिकात आलो. सकाळी व्हरांड्यात माझी शाळा भरते. इथल्या एका दुकानदाराच्या दोन मुलीही गणिताला येतात. मी चांगलीच खडूस मास्तरीण निघाले. दुपारी सरोवराकडून वारा सुटतो, तेव्हा नेर आठवतं. सासूबाईंना आता कमी दिसतं, जिनात जाणं सुटलंय. त्यांना तिथं ठेवून आल्याची टोचणी आहेच.

परवा बेबीनं स्वतःच्या हातानं आजीला पहिलं पत्र लिहिलं. मी पेन्सिल घेऊन चुका दुरुस्त करत होते. एका ओळीवर थांबले. "आजी, तू आमच्या घरी ये. इथं जागा आहे." आमच्या पत्रांत आजवर घर म्हणजे नेर, आणि जिथं राहतो तो क्वार्टर. पोस्टमन हे वाचून दाखवील तेव्हा सासूबाईंना लागेल का? खोडायला पेन्सिल टेकवलीसुद्धा. पण पोरीला घर मिळावं म्हणूनच तर त्यांनी तिला माझ्यासोबत धाडलं होतं.

ते वाक्य मी तसंच ठेवलं. त्याखाली माझ्या अक्षरात लिहिलं, "मामीजी, खरंच या."