आरोही विरुद्ध आरोही

"वाच. मोठ्यानं वाच."

"वाचलंय, आप्पा."

"न्हाय, मोठ्यानं! समद्या मैदानानं ऐकलंय, आता तुझ्या तोंडनं मला ऐकू दे."

रचनानं लॅपटॉपच्या पडद्याकडं बघत दातांतल्या दातांत वाचलं, "आरोही, कंग्राळी. विरुद्ध. आरोही, कंग्राळी."

"झ्याक! आता सांग, लढायचं कसं? हिनं सोताच सोताला उचलायचं आन् सोताच आपटायचं? नारळ कुणाच्या हातात द्यायचा?"

"चूक झालीया. जरा दम धरा, काढते."

"कसली चूक? यंत्र खरं बोलालंय. गेल्या साली मी काय सांगितलं होतं? हिची जोड न्हाय. तुझं यंत्रबी त्येच म्हणालंय. हिची जोड हीच!" असं म्हणून मारुतीरावांनी मांडी ठोकायच्या जोशात टेबल ठोकलं. माउस टुणकन उडून वायरीला लोंबकळला.

वर्गातल्या मागच्या बाकावर टॉवेल पांघरून आरोही बसली होती. तिनं फक्त थोरल्या बहिणीकडं बघितलं. ती नजर रचनाला ओरडण्यापेक्षा जास्त लागली.

कारण हा सगळा खटाटोप त्या पोरीसाठीच होता.

कंग्राळीच्या मैदानात जोडी नेमायचं काम मारुतीरावांचं. दोन पैलवान समोरासमोर उभे करायचे, दोघांची मनगटं धरून हात वर करायचे, एकदा लोकांकडं बघायचं, एकदा आभाळाकडं, आणि म्हणायचं, "चालतंय." ते चालतंय म्हणाले की चाललं. आणि जोड न्हाय म्हणाले की पैलवानानं गपगुमान कपडे घालायचे. धाकट्या लेकीला घरामागच्या मातीत त्यांनीच डाव शिकवले. नंदगडला नेलं, निपाणीला नेलं, तिथं पुढच्या रांगेत बसून घसा बसेपर्यंत ओरडले. पण आपल्या गावात? "तुझी जोड न्हाय." विषय संपला.

त्याचं कारण गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ऐन तरुणपणी मारुतीराव याच मैदानात, लोक अजून चपला काढून बसतच होते तेवढ्यात, पाठीवर पडले होते. तेव्हापासून कंग्राळीत चटकन संपणाऱ्या कुठल्याही गोष्टीला 'मारुतीची कुस्ती' म्हणतात. लाईट जाऊन लगेच आली, मारुतीची कुस्ती. ग्रामसभा चहाआधीच उठली, मारुतीची कुस्ती. खुद्द मारुतीरावांसमोर म्हणतात आणि मग जीभ चावतात.

तर यंदा आरोही रचनाजवळ येऊन म्हणाली होती, "आक्का, जोड न्हाय असं म्हणणारं तोंडच बदलाय येत न्हाय का गं?"

येतं की! रचनाचा धंदाच तो.

शहापुरात साड्यांच्या दुकानावरच्या माडीत रचना नोकरी करते. काउंटरवरच्या जुन्या, धूळ खाल्लेल्या कॉम्प्युटरवर चालणारे प्रोग्राम लिहिते. गॅस एजन्सी, दूध डेअरी, दातांचा दवाखाना. डाव्या बाजूला नावांची यादी, नावावर टिचकी मारली की उजवीकडं त्या माणसाची सगळी कुंडली. मध्यंतरी पुण्याचा एक मुलगा तिला बघायला आला होता. पोह्याची बशी हातात धरून म्हणाला, "अजून डेस्कटॉपवर? आता सगळं मोबाइलवर गेलं." रचना म्हणाली, "तुमच्या मावशीच्या सिलिंडरची पावती ज्यातनं निघते, ते मी लिहिलंय. जाताना बघून जा." तो जाताना बघायला थांबला नाही.

चुकाही केल्या होत्या तिनं, न्हाय कशाला म्हणा. पहिल्याच कामात, यादीतला कुठला रकाना पडद्यावर दाखवायचा तेच सांगायला विसरली. मग यादीनं गिऱ्हाइकांच्या नावांऐवजी प्रत्येक ओळीत प्रोग्रामातलं आपलं स्वतःचं इंग्रजी कुळनाव छापलं. वरपासून खालपर्यंत एकच लांबलचक नाव. एजन्सीचा मालक चष्मा पुसून पुसून बघत राहिला आणि शेवटी घाबऱ्या आवाजात म्हणाला, "मॅडम, हा कोण गोरा सायब आमची समदी सिलिंडरं घेऊन चाललाय?"

घरी मात्र या सगळ्याला किंमत एकच. कुणी विचारलं की मारुतीराव सांगत, "थोरली? ती याद्या करती." आणि सुस्कारा टाकत.

यंदा तिनं मैदानाच्या कमिटीसाठी प्रोग्राम लिहिला. डाव्या चौकटीत पैलवानांची यादी, उजव्या चौकटीत पैलवानांची यादी. डावीकडचा एक निवडा, उजवीकडचा एक निवडा, 'जोड लावा' बटण दाबा. गावातल्या लोकांनी आतल्या खोलीत जोड्या शिजवल्या असं म्हणू नये म्हणून मंडळाचा टीव्ही बाहेर व्हरांड्यात ठेवून लॅपटॉपला जोडायचा, ही सूचना खुद्द मारुतीरावांची. "समद्यास्नी दिसाय पायजे. माझं काय बी लपलेलं न्हाय."

सगळं बरोबर चाललं होतं. पण नव्या पैलवानाचं नाव भरलं की ते डावीकडंच दिसायचं, उजवीकडं नाही. आदल्या दिवशी रचनाला युक्ती सुचली. दोन्ही चौकटी एकाच यादीला बांधून टाकल्या. नाव एकदा भरा, दोन्हीकडं दिसतंय! स्वतःवरच खूश होऊन ती झोपली. नावं दिसतात एवढंच तिनं तपासलं. निवडून कोण बघणार?

निवडलं ते भरमूनं. भरमू म्हणजे मैदानाचा निवेदक. आवाज असा की माईक नुसता शोभेला. डावीकडं त्यानं काकतीचा रवळू निवडला, तर उजवीकडचा निवडीचा पट्टाही आपोआप रवळूवर जाऊन बसला. भरमूला वाटलं, यंत्रानंच जोड काढून दिली. बटण दाबलं आणि गर्जना केली, "काकतीचा रवळू विरुद्ध काकतीचा रवळूऽऽऽ!"

हलगी कडाडली. रवळू शड्डू ठोकत आखाड्यात उतरला, चारी बाजूंना फिरला आणि छाती पुढं काढून ओरडला, "आमच्या काकतीत दुसरा रवळू कोण निपजलाय, येऊ दे म्होरं!"

कुणी आलं नाही. मग भरमूनं पुढचं नाव निवडलं, आणि ते निघालं आरोहीचं.

आता शाळेच्या या वर्गात बाप फळ्यासमोर येरझाऱ्या घालत होता, बाहेर रवळू अजून प्रतिस्पर्धी शोधत होता, आणि रचना घामाघूम होऊन कीबोर्ड बडवत होती.

"पण झालंय काय, त्ये तर सांग," मारुतीराव जरा खालच्या सुरात म्हणाले.

"आप्पा, यादी आणि चौकट यांच्या मधी एक मुनीम बसलेला असतोय. कुठल्या नावावर बोट हाय, त्ये तो ध्यानात ठेवतो. मी दोन चौकटींना मुनीम एकच दिला. त्याला बोट एकच. डावीकडं ठेवलं की उजवीकडंबी तिथंच."

"मग दुसरा मुनीम ठेव की! एका माणसाला किती राबवशील?"

"त्येच करालेय न्हवं!"

"आन् दुसरा नसंल मिळत तर दुसरा लॅपटॉप आण. भरमूच्या पोराकडं हाय."

"आप्पा, जरा गप्प बसताय?"

भरमू दारातनं म्हणाला, "मारुती, पोरीला छळू नको, रवळूला गप्प कर. त्यो आता माझ्याशी लढतो म्हणालाय."

रचनानं यादी एकच ठेवली, पण दोन चौकटींना दोन वेगळे मुनीम नेमले. डावीकडं रवळू निवडला. उजवीकडचा पट्टा जागचा हलला नाही. तिनं उजवीकडं नंदगडचा एक गडी निवडला. डावीकडं रवळू शांत. तिला त्या बिनचेहऱ्याच्या चौकटीची पापी घ्यावीशी वाटली. भरमूनं धावत जाऊन जोड पुकारली आणि रवळूला एकदाचा माणूस मिळाला.

पण आरोहीला? डावीकडं आरोही, त्रेपन्न किलो. उजवीकडं त्या वजनाची एकही मुलगी नाही.

"बघ," मारुतीराव हळूच म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात आनंद होता की दुःख, ते रचनाला कळेना. "न्हाय ना?"

तेवढ्यात व्हरांड्यात कुणीतरी खाकरलं. निपाणीकडचे बाबगोंडा. पांढरा सदरा, डोक्याला टोपी, तंबाखूचे शेतकरी, आणि मागं खांद्याला पिशवी लावून त्यांची मुलगी.

"उशीर झाला बघा," ते म्हणाले. "टायर बसला वाटेत. आमच्या सोनलला लढायचं हाय. पोरींच्या कुस्त्या हाईत ना हो इथं?"

"हाईत!" रचना आणि आरोही एकदम ओरडल्या.

"बघू की," मारुतीराव म्हणाले.

सोनलला काट्यावर उभी केली. बावन्न. भरमूनं नाव भरलं आणि दोन्ही चौकटींत एकदम उमटलं. यादी वजनाच्या क्रमानं, त्यामुळं सोनल बरोबर आरोहीच्या शेजारी जाऊन बसली. बघणाऱ्याला मनगट धरून हात वर करायचीही गरज नव्हती.

"चला, पोरींना पाणी देऊ या, मग जोड पुकारू," रचना म्हणाली आणि सगळ्यांना घेऊन व्हरांड्यात आली. मारुतीराव एकटेच आत राहिले. पंख्याखाली बसतो म्हणाले.

बाहेर टीव्हीपुढं निम्मं गाव जमलं होतं. रचना सोनलला तांब्या देत होती, तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "आरं, हे काय?"

पडद्यावर आरोहीच्या ओळीत वजनाच्या खणात बारीक रेघ लुकलुकत होती. मग त्रेपन्नातला पाच गेला. उरले तीन. आणि आरोहीचं नाव सरकन उडून यादीच्या पार टोकावर जाऊन बसलं.

"तीन किलो!" मागनं आवाज आला. "कुस्तीला आणलीया का बारशाला?"

हशा पिकला. रचनाच्या हातातला तांब्या तसाच राहिला. भरमू सेव्हचं बटण दाबायला कायम विसरतो, म्हणून खणात जे टाइप कराल ते त्याच क्षणी यादीत जाईल अशी सोय तिनं स्वतः केली होती. आतल्या माणसाला ते ठाऊक नव्हतं. आतल्या माणसाला वाटत होतं, बटण दाबेपर्यंत आपलं आपल्यापाशी.

पडद्यावर तीनच्या आधी सात उमटला. त्र्याहत्तर. आरोही धाडकन खाली कोसळली, थेट मोठ्या गड्यांच्या रांगेत, रवळूच्या मांडीला मांडी लावून.

"जेवली वाटतं!" भरमू म्हणाला. सवयीनं. माईकवर.

आता सगळं मैदान हसत होतं. बाबगोंडा टोपी काढून डोळे पुसत होते. हसली नाही ती फक्त आरोही. तिनं टॉवेल खांद्यावर घट्ट ओढला आणि ताडताड वर्गात गेली. रचना मागनं धावली.

मारुतीराव एका बोटानं माउसवरची धूळ झाडत होते.

"काय करालाय, आप्पा?"

"कुठं काय? धूळ बसलीया यंत्रावर. बाहेर कशाला दंगा चाललाय? कुणी पडलं काय?"

"तुम्हीच पडलाय," रचना म्हणाली. "बाहेर टीव्हीवर समदं दिसतंय. तीन बी दिसलं आणि त्र्याहत्तर बी."

मारुतीरावांनी लॅपटॉपकडं बघितलं. मग लॅपटॉपच्या वायरीकडं, वायर खिडकीतनं जिकडं गेली तिकडं. खिडकीच्या गजांत गावाची तोंडं खचाखच भरली होती. मधोमध बाबगोंडांचं.

"मारुतीराव," बाबगोंडा अगदी आदरानं म्हणाले, "एवढ्याशा वेळात वीस किलो! पोरीला काय खायला घालता, आमच्या घरवालीलाबी सांगा की. आमची सोनल दोन वर्षं दूध पिती, किलोभर चढत न्हाय."

मारुतीरावांचे कान लाल झाले. बराच वेळ ते कीबोर्डकडं बघत राहिले, जणू तिथंच कुठंतरी दार असावं. मग खुर्ची पुढं ओढली.

"पाच कुठं हाय?" ते पुटपुटले.

"वरच्या रांगेत," रचना म्हणाली.

त्यांनी सात पुसला. आरोही पुन्हा वर उडाली, खिडकीत पुन्हा कुणीतरी फिसकन हसलं, आणि दुसऱ्या कुणीतरी त्याला कोपर मारलं. मग त्यांनी बोट रोखून पाच दाबला. नाव आपल्या जागी आलं. सोनलच्या शेजारी.

"दाब तुझं बटण," ते रचनाला म्हणाले. पण माउसवरचा हात त्यांनी काढला नाही. खुर्चीतच वळले आणि धाकटीकडं बघितलं. एवढा वेळ ओरडणारा आवाज आता खिडकीपर्यंतसुद्धा पोचेना.

"आरू, नंदगडात पडलीस तर नंदगड इसरतंय. ह्ये गाव इसरत न्हाय गं. जलमभर चहाच्या घोटासंगं ऐकाय लागतंय. मला इचार." त्यांनी माउस मुठीत धरला. "आन् पडलीस तर?"

आरोहीनं खांद्यावरचा टॉवेल काढून बापाच्या मांडीवर ठेवला. कानातली फुलं एकेक करून काढली, रचनाच्या तळहातावर ठेवली, तिची मूठ मिटली. वेणीचा घट्ट अंबाडा बांधला.

आणि उंबऱ्यापाशी चपला काढून, अनवाणी, मातीकडं निघून गेली.